आळं

"एवढं पैसं घालून मला माणलाच आणलंस व्हय गं?"

विमानतळावरून भाड्याची गाडी घेऊन निघाल्याला पंधरा मिनिटंही झाली नव्हती. आईने खिडकीची काच अर्धी खाली केली होती, वाऱ्याने उडणारा पदर कानामागे खोचून ती बाहेर बघत होती आणि बघता बघताच तिने हे वाक्य टाकलं. नवरा गाडी चालवता चालवता हसला. मला काही हसू आलं नाही, कारण ती म्हणत होती ते खरं होतं. बाहेर बोडके डोंगर होते. झाड नाही, ओढा नाही. मधूनच एखादं पांढरंशुभ्र घर आणि बाकी सगळ्यावर उन्हाची ती कोरडी, डोळे बारीक करायला लावणारी पांढुरकी झाक. आमच्या साताऱ्याच्या माण तालुक्यात, एप्रिलात दहिवडीहून म्हसवडला जाताना एसटीच्या खिडकीतून दिसते तीच.

आम्ही ड्युसेलडॉर्फला राहतो. आई फेब्रुवारीच्या सुरुवातीला तीन महिन्यांसाठी आली आणि आठवड्याभरात तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात कोमेजून गेली. सकाळी आठला उजाडायचं, संध्याकाळी सहाच्या आत काळोख, मधल्या वेळात राखाडी आभाळ. "हितं सूर्य सुट्टीवर असतो का?" असं तिने दोनदा विचारलं. तेव्हा नवऱ्याने मनावर घेतलं. कार्निव्हलच्या सोमवारला जोडून लेकीच्या शाळेला सुट्टी होती, आईचा व्हिसा स्पेनलाही चालणारा होता आणि साडेचार तासांच्या विमानप्रवासावर ऊन होतं. बेटाचं नाव मी नकाशात लांझारोटे असं वाचत होते. तिथे गेल्यावर कळलं की तिथले लोक लान्सारोते म्हणतात. कॅनरी बेटांपैकी सगळ्यात ईशान्येकडचं मोठं बेट, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सव्वाशे किलोमीटर. कागदोपत्री युरोप, हवा सहाराची शेजारीण. महाशिवरात्र होऊन दोन दिवस झाले होते, तेव्हा २८ फेब्रुवारीला आम्ही निघालो.

माझ्या मनात चित्र समुद्राचं होतं. आईने आयुष्यात समुद्र दोनदा पाहिलेला, एकदा गणपतीपुळ्याला आणि एकदा मुंबईत, दोन्ही वेळा घाईत. तिला निवांत किनाऱ्यावर बसवायचं, पायाला पाणी लागू द्यायचं, असं मी ठरवलं होतं. ती बसलीही, पहिल्या संध्याकाळी, अर्धा तास. मग उठून साडीचा घोळ झटकत म्हणाली, "बगितला. उद्या कुठं जायचं?"

आईला माणूस कसं जगतं ते बघायचं असतं. कुठेही गेली की तिचे प्रश्न ठरलेले: पाणी कुठून येतं, जळण काय वापरतात, पीक कोणतं, भाव काय मिळतो. जर्मनीत या प्रश्नांना मला कधी नीट उत्तरं देता आली नाहीत. पाणी नळातून येतं, हे उत्तर ती मानत नाही.

लान्सारोतेमध्ये मात्र हाच प्रश्न बरोबर निघाला. या बेटावर नदी नाही. बहुतेक भागात वर्षाला दीडशे मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. माणमध्ये सरासरी त्याच्या तिपटीने पडतो आणि तरी आपण माणला दुष्काळी म्हणतो! पूर्वी लोक उतार झाडून-सारवून चुन्याने गुळगुळीत करत, त्यावरून वाहणारं पावसाचं पाणी जमिनीखालच्या दगडी टाक्यांत उतरवत आणि वर्षभर पुरवून पुरवून वापरत. टाक्या आटल्या की शेजारच्या बेटांवरून जहाजाने पाणी यायचं. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिने लगेच हिशेब जुळवला, "म्हंजी टँकरच. निस्ता पाण्यावरनं येणारा." १९६४ साली इथे समुद्राचं पाणी गोडं करायचा पहिला कारखाना सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग पर्यटक आले. आम्ही अंघोळीला जे पाणी घेत होतो ते समुद्राचंच होतं, मीठ काढलेलं. त्यानंतर आईने नळ बारीक सोडायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिमानफायाला गेलो. हे नाव आज राष्ट्रीय उद्यानाचं आहे, पण मुळात ते एका गावाचं नाव होतं. १ सप्टेंबर १७३० च्या रात्री नऊ-दहाच्या सुमाराला त्या गावाजवळ जमीन फाटली. तिथून जो लाव्हा सुरू झाला तो मधूनमधून थांबत, जागा बदलत १७३६ च्या एप्रिलपर्यंत चालला. बेटाचं क्षेत्रफळ साधारण ८४६ चौरस किलोमीटर, त्यातलं सुमारे दोनशे चौरस किलोमीटर झाकलं गेलं. आणि झाकलं गेलं ते नेमकं बेटावरचं चांगलं धान्याचं रान. गावंच्या गावं खाली गेली. उरलेल्या लोकांनी ज्याच्या खाली आपलं घर आहे त्या काळ्या दगडाच्या पसाऱ्याला नाव दिलं मालपाइस, वाईट मुलूख. आपल्याकडे बरड म्हणतात त्याच्याही पुढची पायरी. बरडावर निदान कुसळ उगवतं.

उद्यानात आपली गाडी फिरवता येत नाही. फाटकाशी तासभर रांगेत थांबायचं, मग वर जाऊन उद्यानाच्या बसमध्ये बसायचं. बसमधून उतरायची परवानगी नाही. तेव्हा माणसं काचेला नाक लावून बसतात आणि गाडी विवरांच्या कडेकडेने, दोन लाव्हाभिंतींच्या मधल्या फटीतून वळणं घेत जाते. स्पीकरवर तीन भाषांत माहिती चालू असते. त्यात यायसा गावच्या पाद्र्याची रोजनिशी ऐकवतात. आंद्रेस लोरेंसो कुर्बेलो त्याचं नाव. त्याने १७३० आणि १७३१ मध्ये जे जे डोळ्यांसमोर घडलं ते लिहून ठेवलं आणि शेवटी स्वतःही आपल्या गावकऱ्यांना घेऊन दुसऱ्या बेटावर निघून गेला.

जर्मन निवेदनाचं मराठी करून आजीला सांगायचं काम नऊ वर्षांच्या लेकीकडे होतं. तिचं मराठी घरातलं, त्यामुळे पाद्र्याची रोजनिशी जरा विचित्र होऊन उतरत होती. "आजी, तो म्हणतो की जमीन उघडली. मग एक डोंगर वर आला. मग खूप दिवस आग होती. मग गाई मेल्या, वास येऊन."

"किती गाई?" आईने विचारलं.

लेकीला आकडा ऐकू आला नव्हता. ती म्हणाली, "सगळ्या."

आई बराच वेळ बोलली नाही. बाकीची बस फोटो काढत होती. बाहेर खरोखरच बघण्यासारखं होतं. तांबडे, गेरूच्या रंगाचे, काळपट, मधेच पिवळसर झाक असलेले उतार, इतके घोटीव की कुणी पोतेऱ्याने सारवून घेतल्यासारखे. स्पीकरवर संगीत वाजत होतं, ते अगदीच नाटकी होतं. ते नसतं तर बरं झालं असतं, असं मला वाटत राहिलं.

उद्यानाच्या माथ्यावर एक ठरलेला खेळ दाखवतात. खड्ड्यात वाळकं काटेरी झुडूप टाकतात, ते धडाडून पेटतं. जमिनीत पुरलेल्या नळीत बादलीभर पाणी ओततात, दोन क्षणांत वाफेचा लोट स्फोटासारखा उसळतो. माणूस फावड्याने खडी उकरून तुमच्या तळहातावर ठेवतो, ती धरवत नाही. दहा-तेरा मीटर खाली चारशे ते सहाशे अंश तापमान आहे असं सांगतात, आणि शेवटचा उद्रेक १८२४ सालचा. शेजारच्या उपाहारगृहात या उष्णतेवर मांस भाजतात. विहिरीसारखं गोल कठडं, वर जाळी, खाली अंधार. माळकरी आई त्या वासाने चार पावलं मागे सरकली, पण कठड्यापाशी पुन्हा आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "जळण न्हाई, धूर न्हाई. बायकांचं डोळं वाचलं."

तिच्या खाण्याचं मला टेन्शन होतं. पण बेटाने सांभाळून घेतलं. लहान बटाटे सालासकट खारट पाण्यात उकडतात, पाणी आटेपर्यंत. मग सालांवर मिठाची पांढरी बुकी धरते आणि ती सुरकुततात. सुरकुतलेले बटाटे असंच त्याचं नाव आहे, पापास अरुगादास. सोबत मोहो नावाची पातळ चटणी, तांबडी आणि हिरवी. तांबडीत मिरची, लसूण, जिरं, तेल, व्हिनेगर. हिरवीत कोथिंबीर. आईने बोटाने चाटून बघितली. "ठेचाच हाय. आंबट कशापायी केला काय की." चार दिवस ती या बटाट्यांवर होती आणि तिसऱ्या दिवशी दुकानात तिला गोफियो सापडला. भाजलेल्या धान्याचं पीठ. पाकीट फोडून वास घेतला आणि सातू म्हणून घोषित केलं. दुधात साखर घालून कालवलं, लेकीला भरवलं. कॅनरी बेटांवर हे पीठ स्पॅनिश लोक यायच्या आधीपासून खातात, हे मी तिला सांगितलं, पण त्याचं तिला काही विशेष वाटलं नाही. भाजलेलं पीठ टिकतं, एवढी अक्कल कुणालाही असते असं तिचं म्हणणं.

आता ला हेरिया नावाच्या द्राक्षांच्या भागाबद्दल. खरं तर हा लेख त्याच्यासाठीच लिहायला घेतला.

यायसाहून पूर्वेकडे जाणारा एक रस्ता आहे. आठ-दहा किलोमीटर दोन्ही बाजूंनी काळी राख. राख म्हणजे चुलीतली नव्हे. ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढी, भोकाभोकांची, हलकी, काळी खडी. पिकोन म्हणतात तिला. उद्रेकात वर उडालेला लाव्हा हवेतच थिजून असा पडला. कुठे अर्धा मीटर थर, कुठे दोन-तीन मीटर. आणि त्या काळ्या उतारांवर हजारो खड्डे. प्रत्येक खड्डा नरसाळ्यासारखा, बाजूंनी घसरत खाली गेलेला, वरच्या कडेला अर्धचंद्राकार दगडी भिंत आणि तळाशी एक झाड. एका खड्ड्यात एकच. बहुतेक द्राक्षवेल, कुठे कुठे अंजीर.

आईने गाडी थांबवायला लावली. बाजूला लावायला जागा नव्हती. नवऱ्याने पुढे एका द्राक्षमद्याच्या कोठाराच्या अंगणात गाडी उभी केली आणि आम्ही मागे चालत आलो. बांधापर्यंत जायला हरकत नव्हती, खड्ड्यात उतरायचं नव्हतं. आई भिंतीच्या कडेला उभी राहिली. वारा एवढा की उभं राहणं हेच काम होतं. इथे जवळजवळ वर्षभर ईशान्येकडून वारा येतो आणि त्या अर्धचंद्राची पाठ त्या वाऱ्याकडे असते. हे मी वाचून आले होते. सांगणार, तोवर आईच म्हणाली, "ताल घातलाय. पर सरळ न्हाई घातला, वाऱ्याला पाठ दिऊन घातलाय." ताल म्हणजे दगडी बांध. मग खाली बघून, "आन हे आळं. बया! केवढं मोठं आळं!"

मी इतकी वर्षं परदेशात राहते, इंटरनेटवर त्या खड्ड्यांचे शेकडो फोटो पाहून आले होते, पण मला हा शब्द सुचला नव्हता. आळं. झाडाच्या बुडाशी पाणी धरून ठेवायला करतात ते. मी त्यांना खड्डे म्हणत होते आणि ला हेरियाच्या छायाचित्रकारांसारखी त्यांच्या भूमितीत अडकले होते.

आईने वाकून मूठभर पिकोन उचलला, हातात चाळला, खाली सोडला. "खाली माती हाय?" आहे. उद्रेकाच्या आधीचीच माती आहे, जुनी, चांगली. राख तिच्यावर पडली. जिथे थर फार जाड पडला तिथलं सगळं गेलं. पण जिथे पातळ होता तिथे लोकांच्या लक्षात आलं की झाडं तगताहेत, उलट आधीपेक्षा बरी येताहेत. सच्छिद्र खडी रात्रीचा ओलावा, दव, तुरळक पाऊस आत घेते, खालच्या मातीत उतरू देते आणि दिवसा ऊन-वाऱ्याला मातीपर्यंत पोचू देत नाही. ओल अडकून पडते. मग लोकांनी हाताने उकरून उकरून जुन्या मातीपर्यंत भोकं पाडली, मुळं मातीत आणि वर राखेचं आच्छादन. पुढे बेटाच्या ज्या भागात राख पडलीच नव्हती तिथेही उंटांवरून वाहून नेऊन शेतांवर पसरली. आपलं गाव ज्याने गाडलं तेच दुसऱ्याच्या शेतात विकतच्यासारखं नेऊन टाकायचं!

"आच्छादन तर आपल्याकडं बी करत्यात," आई म्हणाली. "डाळिंबाला प्लास्टिक हातरत्यात." मग थोडं थांबून, "हे कुजत न्हाई, उडत न्हाई. प्लास्टिकपरास बरं."

वेलींना पानं नव्हती. छाटणी होऊन गेलेली, आळ्याच्या तळाशी पसरलेली नुसती काळी वाकडी खोडं. लेक म्हणाली, झाड मेलंय. आईने भिंतीवर हात टेकून मान पुढे काढली आणि खूप वेळ बघितलं. "मेलं कशानं? डोळं फुगल्यात बग." खरंच काडीवर गाठी फुगल्या होत्या, एक-दोन ठिकाणी कापसासारखं काही बाहेर येत होतं. इथला तोडा युरोपात सगळ्यात आधी होणाऱ्यांपैकी, जुलैच्या अखेरीपासून सुरू होतो. यंत्र आत जाऊच शकत नाही, त्यामुळे सगळं हाताने. माणूस आळ्यात उतरणार, घड काढणार, पुन्हा चढून येणार. जमीन एवढी मोठी आणि झाडं एवढी विरळ की पीक फार थोडं येतं. आईने किती भाव मिळतो ते विचारलं. कोठारात जाऊन मी बाटलीवरची किंमत बघून आले. रुपयांत ऐकून ती म्हणाली, "मंग परवडत आसंल." आत नवरा तिथल्या मालवासिया द्राक्षाची वाइन चाखत होता. चांगली होती म्हणे. त्याचं वर्णन मी इथे करणार नाही, त्याला ते सांगायला फार आवडतं, त्यालाच विचारावं.

तिथून जवळच एक विवर आहे, कावळ्यांचं विवर. १७३० साली पहिली जमीन फाटली ती इथेच. हे उद्यानाच्या फाटकाबाहेर आहे, चालत जाता येतं, वाट सपाट आहे. विवराची एक बाजू लाव्हाने फोडून नेली आहे, त्या खिंडारातून आत शिरायचं. आत शिरलो आणि वारा एकदम बंद झाला. चार दिवसांत पहिल्यांदा कानात शांतता. चारही बाजूंना तांबूस-काळ्या भिंती, वर आभाळाची गोल ताटली. लेक धावत मध्यावर गेली आणि ओरडून आपलाच आवाज ऐकायला लागली.

आई एका दगडावर टेकली. शेजारचा एक दगड उचलून तिने हातात तोलला. "हलका हाय. भोकं हाईत म्हणून. आपला दगूड जड."

मग मी तिला सांगितलं. शाळेत कुठेतरी शिकलेलं, पुढे वाचलेलं. आपला सह्याद्री, माणचे डोंगर, शिखर शिंगणापूरचा तो उभा कडा, विहिरीत लागतो तो काळा पाषाण, हे सगळं असंच बाहेर आलेलं आहे. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास, थरावर थर. इथल्यासारखा सहा वर्षांचा एकच लाव्हाचा पूर नव्हे. पुन्हा पुन्हा, लाखो वर्षं. आज पाच लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे. तेव्हा आपली जमीन आता जिथे आहे तिथे नव्हती. हिंदी महासागरात रियुनियन नावाचं बेट आहे, त्याच्या खालच्या आगीवरून ती सरकत उत्तरेला आली. ती आग अजून तिथेच आहे, त्या बेटावरचा ज्वालामुखी अजून फुटतो.

"म्हंजी आपला दगूड तिकडचा."

"तिकडचा."

"दगडाला बी माहेर आसतं म्हणायचं." आणि मग हातातल्या दगडाकडे बघत, जणू मला नाहीच सांगत, "बहात्तर सालाला आम्ही हेच फोडत हुतो."

१९७२ चा दुष्काळ. आई एकोणीस वर्षांची होती, लग्न होऊन वर्ष झालेलं. दुष्काळी काम निघालं होतं रस्त्याचं. बायका खडी फोडायच्या. एक दगड पायात धरायचा, लोखंडी हातोडी मारायची. ढीग रचायचे, मुकादम मोजून घ्यायचा. दुपारी सुकडी मिळायची, रेशनवर मिलोची तांबडी ज्वारी. हे सगळं मी ऐकलेलं होतं, तुकड्यातुकड्याने. सुकडीबद्दल तर ती गोड आठवणीसारखं बोलते. पण तिच्या डाव्या भुवईत एक पांढरी चीर आहे, तिथे केस उगवत नाहीत. लहानपणी मी त्यावरून बोट फिरवत झोपायचे. ते कशाने झालं हे मी कधी विचारलं नव्हतं. आईच्या चेहऱ्यावर ते होतंच, नाकासारखं.

विवराच्या तळाशी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, मी ते विचारलं.

"कपची उडाली," ती म्हणाली. "डोळा वाचला. तुझ्या आज्जीनं हळद भरली. दुसऱ्या दिवशी कामावर."

"सुट्टी नाही घेतलीस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे काही बोलले नाही. लेकीचे आवाज भिंतींवरून फिरून येत होते. आईने दगड होता तिथेच, होता त्याच बाजूने ठेवला. या बेटावरून दगड उचलून न्यायला मनाई आहे, हे लेकीने तिला सकाळीच बजावलं होतं. पण मला वाटतं तिने तो त्यासाठी नाही ठेवला. दगड घरी न्यायचा म्हणजे तिच्या लेखी काय नवल!

बाकीचे दीड दिवस पटकन गेले. हामेओस देल आग्वा पाहिलं. लाव्हाच्या जुन्या नळीत तळं आहे, त्यात नखाएवढे पांढरे आंधळे खेकडे. नाणी टाकली की पाणी नासतं आणि ते मरतात, म्हणून नाणी टाकू नका अशा पाट्या आहेत. ही जागा आणि बेटावरच्या बऱ्याच जागा सेसार मान्रिके या तिथल्याच कलावंताने घडवल्या. उंच इमारती बांधू देऊ नका, रस्त्याकडेला जाहिरातींचे फलक लावू नका, असं तो लोकांना आणि सरकारला सांगत राहिला आणि नवल म्हणजे त्यांनी बऱ्यापैकी ऐकलं. १९९२ मध्ये तो मोटार अपघातात गेला. ग्वातिसाच्या निवडुंगांच्या शेतात पानांवर पांढऱ्या बुरशीसारखे किडे असतात, चिरडले की बोट किरमिजी होतं. लेकीने आजीच्या कपाळाला लावलं.

परतायच्या आदल्या संध्याकाळी मांचा ब्लांका नावाच्या खेड्यातलं देऊळ दिसलं म्हणून थांबलो. देऊळ म्हणजे चर्च, दुःखी माउलीचं. कथा अशी सांगतात की १७३६ मध्ये लाव्हा गावावर आला तेव्हा लोक तिची मूर्ती घेऊन सामोरे गेले, वाटेत क्रूस रोवला आणि लाव्हा तिथे थांबला. लोकांनी नवस बोलला होता की देऊळ बांधू. लाव्हा थांबला आणि नवस विसरले. मग कितीतरी वर्षांनी एका धनगराच्या पोरीला ती माउली दिसली आणि म्हणाली, माझ्या देवळाचं काय झालं? तेव्हा कुठे बांधलं. आता दर सप्टेंबरात तिथे जत्रा भरते.

"नवस विसरत्यातच माणसं," आई म्हणाली. तिने बाहेरूनच हात जोडले. आत मेणबत्त्या होत्या. एक युरो पेटीत टाकून तिने लेकीला एक लावायला सांगितली.

एप्रिलच्या अखेरीस आई गावी परतली. मेच्या पहिल्या आठवड्यात फोनवर म्हणाली की विहिरीकडच्या सीताफळाला तिने आळं केलंय. मोठं, कमरेएवढं खोल, गड्याकडून. पश्चिमेला अर्धा गोल ताल रचलाय, कारण आपल्याकडे वारा तिकडून. आणि मातीवर वीतभर मुरूम पसरलाय. भाऊ हसला म्हणे. गडीही हसला. मला मुरुमाबद्दल शंका होती. मुरूम म्हणजे तोच दगड, पण मुरलेला, त्याच्यात माती फार, पिकोनसारखी भोकं नाहीत. तसं मी बोललेही. "बगू की," म्हणाली.

मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाऊस आला. मोसमी पावसाच्या आधीच आला आणि माण-फलटणच्या बाजूला जुन्या माणसांनीही मेमध्ये पाहिला नव्हता असा आला. ओढे भरून वाहिले, पूल पाण्याखाली गेले. चार दिवस आईचा फोन लागेना. लागला तेव्हा ती आधी शेजारपाजारचं, कुणाच्या कांद्याचं काय झालं ते सगळं सांगून झाल्यावर शेवटी सीताफळावर आली.

"आळं न्हवं, हौद झालाय. मुरूम गेला वाहून. ताल तेवढा हाय."

"आणि झाड?"

"झाडाला काय झालंय, हाय की उभं. दिवाळीनंतर पुन्यांदा टाकीन. या वक्ताला जाड खडी टाकीन, चाळून." मग काहीतरी आठवल्यासारखी थांबली. "आगं, त्या लोकांच्या काड्या फुटल्या का?"

"फुटल्या असतील," मी म्हणाले. "आता पानं आली असतील."

"आसतील म्हंजी? मोबाइलमधी बघून सांग."